डबा

सात रस्त्याच्या दुकानात श्रीनिवास गज्जम म्हणाला,
"दणका पायजे. काच हलली पायजे की ओ."
म्हटलं, दणका बारा इंची कागदात नसतो,
डब्यात कोंडलेल्या हवेत असतो.
बंद डबा घे, मोजकंच बोलतो.
भोकाचा बोलका, पण अख्खी डिकी खातो,
मग चादरींचे गठ्ठे काय डोक्यावर नेशील?

मौलालीनं अठरा एमएमची फळी कापली,
सांध्यात सरस भरला,
पेटती उदबत्ती कडेकडेनं फिरवली.
एका कोपऱ्यात धूर थरथरला.
परत सरस.

तोंड सीटकडे केलं:
आवाज पाठीत घुसला, गाण्यात आलाच नाही.
तोंड मागच्या दाराकडे, वीतभर जागा सोडून,
डबा डाव्या कोपऱ्यात सरकवला,
तसा तो पत्र्याला धडकून
थोराड होऊन परतला.
नंबरप्लेट खडखडली. तिच्यामागं स्पंज.

मागं श्रीनिवासचे वडील बसलेले,
चाळीस वर्षं मागावर, दोन्ही कान तिथंच ठेवून आलेले.
तळहात सीटवर ठेवून म्हणाले,
"धोटा कुठंतरी घासतोय."
आम्ही हसलो.
मग मी टॉर्च लावून पाहिलं:
रिंगचा आठवा स्क्रू
अर्धा आटा ढिला.

आवळला.
म्हातारा हात उचलेना, डोळे मिटलेले,
बाहेर बेचाळीस डिग्री ऊन.
श्रीनिवास पुढून विचारतो,
"अजून जरा वाढतंय का बघा की ओ?"