मुद्दलात घाला

कर्ज मंजूर झालं त्या दिवशी बँकेनं एक कागद दिला,
दोनशे चाळीस ओळींचा.
मी तो घडी घालून खिशात ठेवला, लायसनसारखा.
वैजंतानं रात्री तो उलगडला,
पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.
"हप्ता दहा हजार चौऱ्याहत्तर.
त्यातलं व्याज आठ हजार चारशे एकोणऐंशी.
म्हणजे घराला गेले पंधराशे पंच्याण्णव?"

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
दोन शतांश मिलिमीटर चुकलं तर जॉब बाजूला टाकणारा माणूस.
मला हे दिसलं नव्हतं.

तिनं ऋतुजाच्या जुन्या वहीची उरलेली पानं शिवली.
दूध, गॅस, केएमटीचा पास, फी,
आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, वर लिहिलेलं: जादा.
त्यात कधी चारशे. कधी माझा बोनस अख्खा.
एकदा तिची भिशी लागली,
मी म्हटलं, फ्रीज घेऊ.
ती म्हणाली, "मी जरा बँकेत जाऊन आलो,"
आमच्याकडच्या बायका म्हणतात तशी, पुरुषासारखी,
आणि गेलीसुद्धा.

खिडकीतला पोरगा दरवेळी नवा.
"जादा भरलेत. पुढच्या हप्त्यात धरू?"
"न्हाई. मुद्दलात घाला."
"मग हप्ता कमी करू, का मुदत?"
"मुदत."
मटणवाल्याला चरबी काढायला सांगते त्याच आवाजात.

मटणाचं म्हणाल तर
कोल्हापुरात राहून आम्ही महिन्यातले तीन रविवार
नुसता पांढरा रस्सा प्यायलो.
शेजारचे म्हणत, वास तर येतोय.
वास यायचाच. हाडं स्वस्त असतात.

महापूर आला त्या वर्षी हायवे पाण्याखाली,
माल शिरोलीतच अडकलेला, ओव्हरटाइम बंद.
जादाच्या रकान्यात तिनं तीन महिने शून्य लिहिलं,
मोकळं नाही सोडलं, शून्य.
ते तिच्या हातचं सगळ्यात गोल अक्षर.

ऋतुजाची हंपीची सहल मात्र राहिली.
अठराशे रुपये होते. तेव्हा आम्हाला वाटलं,
हंपी कुठं पळून जात नाही.
आठवी पळून जाते, हे वहीत कुठं लिहायचं
ते आम्हाला माहीत नव्हतं.

एकशे सत्ताविसाव्या महिन्यात
हुक्केरीसाहेबांनी मूळ खरेदीखत परत दिलं.
बोजा उतरवायचा दाखला दिला, त्यावर निळा शिक्का.
"एकशे तेरा हप्ते वाचले तुमचे," म्हणाले,
आणि लगेच विचारलं, "गाडीसाठी काही बघायचं का?"
वैजंता हसली. मी कधी ऐकलं नव्हतं असं हसली.

कळंब्याला येईपर्यंत फाइल तिच्या मांडीवर.
कुलूप काढलं. आत गेलो.
आणि पहिल्यांदा, दहा वर्षं सात महिन्यांनी,
मी घराकडे घर म्हणून बघितलं.
मोरीच्या भिंतीला ओल.
मागच्या दाराची बिजागरी एका स्क्रूवर.
गच्चीच्या कोपऱ्यात भेग, आधी नखाएवढी होती ती
आता बोट जाईल एवढी.
सगळं "नंतर बघू" म्हटलेलं
रांगेत उभं होतं, आपापला नंबर धरून.

ऋतुजा आली, अकरावीची, दप्तर टाकलं,
कागद बघितला, "भारीच की," म्हणाली
आणि चहा मागितला.

रात्री वैजंतानं सवयीनं वही उघडली.
तारीख टाकली. दूध. गॅस.
शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
बराच वेळ थांबलं.
मोरीतला नळ टपटपत होता,
एक रुपयाचा वायसर लागेल त्याला.
मी म्हटलं, "लिही, वायसर."
ती म्हणाली, "थांबा ओ जरा.
हंपीची गाडी हुबळीवरनं जाते का बघा आधी."