नारिन, उणे सव्वीस

पाच सिलिंडरची जुनी मर्सिडीज.
चार ग्लो प्लग निघाले, टोकं जळालेली.
पाचवा रुसून बसलाय हेडमध्ये.

सूरोनबेकच्या तोंडात टॉर्च,
त्यामुळे शिव्याही अर्ध्याच बाहेर पडतात.

"मोडलास तर एप्रिलपर्यंत पायी,"
आसिलकान म्हणते,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून
लेकीचा हेअर ड्रायर लावते इंजिनाला.
वर तेलाचे चार थेंब.
मग चहा. घाई नाही.

पाव फेरा उलटा. थोडा सुलटा.
कर्र.
पान्ह्यावरची त्याची बोटं कान देऊन ऐकतात.
पुन्हा तेल.
सुटला.

नवे पाच, हातानेच आटे धरून, हळूच.

किल्ली अर्ध्यावर. पिवळं वेटोळं पेटतं.
तीस वर्षं झाली, त्याला अजून थांबवत नाही;
दिवा विझेपर्यंत
ती त्याचं मनगट धरून ठेवते.