पावणेदोन सेकंद आधी

होळीला नाटकांचा हंगाम संपला की
माईकच्या वायरी गुंडाळून खुंटीला लावतो
आणि नागभीडच्या रस्त्यावरल्या टिनाच्या खोलीत
लेथवरचं फडकं काढतो.
बिडाचं धूड. कामठीच्या भंगारातून आणलेलं.
कंपनीचं नाव पाटीसकट झिजून गेलंय.

पहिली तबकडी घरघरली.
पट्टा बदलला. मोटरीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे दिले.
घरघर तशीच.
दुपारी दोनला ती आपोआप थांबली
तेव्हा कळलं,
समोरची धानाची गिरणी जेवायला गेली.
तेव्हापासून मी रात्रीच कापतो.

दुसरीत गुणगुण.
अंगणात खड्डा खणून मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी,
वर रोज एक गुंड पाणी. गेली.

तिसरीत ‘स’ फाटला.
डोमाजी गुरनुले चाळीस वर्षं नाटकात बायकांची कामं करायचे,
त्यांचा ‘स’ अजून पदर सावरून येतो,
सुईला झेपेना.
भिंगाखाली धरली, तर टोकाचा टवका उडालेला.
नवी बसवली, केसभर मागे कललेली,
मानेला बारीक तार गुंडाळून जराशी तापवली.
आता ती लॅकरमध्ये
ओल्या बांधीत फाळ जावा तशी जाते.
म्हणून तबकडीवरच्या रेघेला मी तास म्हणतो.
एका बाजूला एकच तास, सलग,
बाहेरून आत.

चौथीत मात्र
डोमाजी बोलायच्या आधीच डोमाजी ऐकू येऊ लागले.
बारीक, पलीकडच्या खोलीतून यावं तसं,
अख्खं वाक्य.
मग तेच, खणखणीत.

घड्याळ लावलं. पावणेदोन सेकंद, किंचित वर.
मिनिटाला तेहतीस फेरे आणि एक तृतीयांश,
म्हणजे एका फेऱ्याला तेवढेच.
मोठा आवाज कापताना सुई
आधीच्या तासाची भिंत ढकलते,
त्यात मे महिना,
रात्री अकरालाही खोलीत अडतीस,
लॅकर दिवसभर तापून मऊ.

उपाय साधा आहे.
तास लांब लांब घ्यायचे, आवाज दोन काटे खाली.
पण मग साडेचार मिनिटांचा विलाप एका बाजूत मावत नाही,
आणि डोमाजींना कसं सांगू,
बाई, जरा हळू रडा?

त्यांना ऐकवली.
सुपारी गालात तशीच राहिली.
“हा शालिक कवा आला?”

शालिक दडमल. त्यांच्या मंडळाचा प्रॉम्प्टर.
विंगेत कंदिलापाशी वही धरून बसायचा,
चोवीस हंगाम
डोमाजींच्या प्रत्येक वाक्याच्या एक श्वास पुढे.
त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी भिंत सांगितली, ढकल सांगितली, तापमान सांगितलं.
त्यांनी सगळ्याला मान हलवली.
“असन,” म्हणाले,
“पन तोबी असाच पुढं राह्यचा. लय घाई त्याले.”

पाचवी कापली पहाटे साडेतीनला,
कूलर रात्रभर लावून, तास मोकळे घेऊन,
विलाप दोन बाजूंना वाटून.
घरघर नाही, गुणगुण नाही,
वाक्याच्या आधी नुसती कोरी जागा.
डोमाजी तिच्यासोबत ओठ हलवू लागले
आणि मधेच अडकले.
तबकडी पुढे गेली.
ते विंगेकडे, म्हणजे माझ्या कपाटाकडे, बघत राहिले.

चौथीच पिशवीत घालून नेली.
मी म्हटलं, बिघाडाचे पैसे कसे घेऊ.
ते ठेवून गेले. दोघांचे.

कापताना निघालेला काळा धागा बादलीत पाण्याखाली होता;
कोरडा राहिला तर भपकन पेटतो.
तो उकिरड्यात पुरला.
पाचवी कपाटात आहे, निर्दोष.
समोर गिरणी सुरू झाली, टिन थरथरलं,
मी लेथवर फडकं टाकलं.