तीनचा आकडा

बर्नोमध्ये दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी
भर दुपारी बाराला भोंगा वाजतो,
एकसुरी, एकशे चाळीस सेकंद.
कुणी मान वर करत नाही.
ट्रामच्या थांब्यावरची कबुतरं तेवढी उडतात,
तीही सवयीनं,
आणि परत तिथंच बसतात.

क्व्येतोस्लावा खिडकी लावून घेते,
पुन्हा त्याच ओळीपाशी येते:
"डिस्कनं वाचायला नकार दिला. पुन्हा विचारल्यावर वाचलं."
एवढंच.
सात वर्षांपूर्वी कुणीतरी या वाक्याच्या कपाळावर
तीनचा आकडा मारून ठेवलाय. तीन म्हणजे चूक.

इथे आकडे उलटे चालतात.
शून्य म्हणजे कारभार आटोपला,
सात म्हणजे यंत्राची आपली आपल्याशी पुटपुट,
जिना चढताना गुडघे बोलतात तशी.
भांडणं सगळी मधल्या पायऱ्यांवर.

ओस्त्रावाच्या इस्पितळातून व्लास्तिमिलनं लिहिलंय:
अकरा रात्री तुमच्या तीननं मला उठवलं.
पायजम्यावर कोट चढवून अकरा वेळा तळघरात गेलो,
डिस्क ठणठणीत.
बाराव्या रात्री मी कूस बदलली.
बाराव्या रात्री काहीही झालं नाही.
बाई, मला भीती वाटते ती याचीच.

"पाच कर," ती स्वतःलाच म्हणते. "नुसती नोंद."
समोरून रादोवान, तोंडात सँडविच:
"पाचकडे बघतं कोण?"
"अडखळणं म्हणजे पडणं नव्हे."
"पडणारा आधी अडखळतोच."
दोघांचंही खरं. कॉफी निवते.

मग ती ज्यानं तीन दिला त्यालाच फोन लावते.
ओल्द्रझिख आता निवृत्त, जंगलात अळंबी शोधतोय,
मागं कुत्रं भुंकतंय.
तो बराच वेळ आठवत राहतो.
"नवीन कोड होता गं. खात्री नव्हती.
तीन दिला, आणि त्या रात्री शांत झोपलो."

म्हणजे झोप तेवढीच होती,
ती इकडून उचलून तिकडे गेली,
आणि ओस्त्रावात एका माणसाच्या रात्रीचे
तीनतेरा वाजले.

संध्याकाळपर्यंत ती लिहीत बसते.
एकदा अडखळली तर पाच.
तोच कोपरा तासाभरात तीनदा अडखळला तर चार,
आणि शेजारी डिस्कचा नंबर,
आणि ती कधी बदलावी तेही, माणसाला कळेल अशा भाषेत.
तीन ती राखून ठेवते,
खरोखर न वाचता आलेल्यासाठी.
रादोवान वाचतो, एक स्वल्पविराम काढतो, हो म्हणतो.

नवा कोड ओस्त्रावात पोचतो त्या रात्री
फोन वाजत नाही.
बर्नोत मात्र पावणेतीनला
तिला जाग येते.
उशाशी काळा पडदा, गप्प.
ती हात लांबवून एकदा बघते.