डावं ढोपर

डॉक्टर म्हणाले, मोणकालु.
रिपोर्टात इंग्रजी.
भरमाची आई म्हणाली, ढोपर.
सूज मात्र
कुठल्याच भाषेत उतरत नव्हती.

लिलावाआधी लीगची माणसं कडोलीला आली.
भरमानं सात चढाया केल्या, पाच गुण आणले.
वहीवाल्यानं गुण लिहिलेच नाहीत.
तो बघत होता
वळताना हा वजन कुठल्या पायावर टाकतो.
निपाणीच्या बाजारात माझा मामा
म्हशीला असंच बघतो,
दुधाचं नंतर, आधी चालवून दाखव म्हणतो.

मग मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं,
"घुटना ठीक है उसका?"

डाव्या कोपऱ्यात मी खेळतो.
फेब्रुवारीत, सरावाला,
शिट्टी झाल्यावरही त्याचा घोटा
मीच सोडला नव्हता.
तो टक् आवाज
अजून माझ्या मनगटात आहे.

"एकदम," म्हटलं.
वहीत काहीतरी खोडलं गेलं,
नाव की आकडा, दिसलं नाही.

भरमा पायरीवर बसून पट्टी सोडवत होता.
गोल गोल, सावकाश, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी.
"काय इचारूलता रे त्यो?"

"तुझी उंची."