तळटीप सत्तावीस

फेब्रुवारीत माझ्या टेबलावर आधी रंग येतो,
आकडे मागाहून.
कंपनीचा फोन : यंदा निळा हवा, समुद्राचा,
पण आशा वाटेल असा.
मी खिडकीतून पुएर्तो मोंतची खाडी बघते.
खाडी शिशासारखी करडी.
आशेचा निळा मला दरवर्षी
शाईच्या कॅटलॉगमध्येच सापडतो.

वीस वर्षं हेच करते आहे.
सॅमनचा किलोमागे खर्च, करपूर्व नफा,
अध्यक्षांचं पत्र, शेजारी अध्यक्ष,
हात हनुवटीखाली नको
(मागच्या खेपेला दाढ दुखतेय असं वाटलं होतं).
नफा वाढला की स्तंभ उभे,
घटला की आडवे.
आडव्यात उतार दिसत नाही
हे कुणी शिकवलं नाही,
हाताला कळत गेलं.

फेर्मिन ओयार्सो अहवाल मागून वाचतात.
निवृत्त लेखापरीक्षक. काल्बुकोहून बसने येतात,
खिशात कागदात गुंडाळलेली बटाट्याची भाकरी,
अंगठा ओला करून शेवटचं पान उघडतात.
म्हणतात, पुढची पानं पाहुण्यांसाठी झाडलेली असतात,
घर कसं आहे ते मोरीत कळतं.

यंदा अंगठा पान एकशे बारावर थांबला.
तळटीप सत्तावीस :
'सागरी कामकाजातील एका घटनेपोटी केलेली तरतूद.'
रक्कम. पूर्णविराम.

त्यांनी पितळी पट्टी काढली, टाइप मोजायची,
खिळे जुळवायच्या काळातली.
"सहा पॉइंट," म्हणाले. "वर राखाडी."
मग चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"रुबेलिंदो मान्सिया चौतीस मीटरवर
जाळं शिवत होता.
तू त्याला आणखी खाली नेलंस."

मी म्हटलं, तळटीप तळालाच असते,
शब्दातच आहे ते.
बोलून गेले, आणि मग खोलीत
नुसता प्रिंटरचा पंखा.

रुबेलिंदो पान नऊवरही आहे.
फोटो मीच निवडलेला :
नारिंगी बोटीच्या कडेवर बसलाय,
मुखवटा कपाळावर ढकलून
चौकटीबाहेरच्या कुणाला तरी हसतोय.
खाली ओळ : 'आमची माणसं, आमचं बळ.'
नऊ आणि एकशे बाराच्या मध्ये
एकशे दोन पानं, गुळगुळीत कागदाची.
बंद अहवालात हे अंतर
नखाएवढंही भरत नाही.

"आणि हे," फेर्मिननी बोट ठेवलं,
"पान चारवर कर्मचारी एक हजार चारशे सहा.
पान अठ्ठ्याऐंशीवर एक हजार चारशे पाच."
मी घाईने म्हटलं, हो, ते दुरुस्तीच्या यादीत घेतलंय,
ताळा जमत नाहीये.
"जमतोय की," ते म्हणाले.
"तो जो एक कमी पडतोय ना, पोरी,
तोच तो."

त्या रात्री मी नाव घातलं.
रुबेलिंदो मान्सिया, पाणबुड्या, वय एकोणचाळीस.
अकरा पॉइंट, काळा.
सकाळी विधी विभागाची मेल :
नाव काढा. अक्षर सातपर्यंत चालेल.
नाव काढलं.
अक्षर साडेसात ठेवलं. कुणी मोजलं नाही.
काळ्याबद्दल मेलमध्ये काही नव्हतं,
काळा राहिला.

एवढंच. अर्धा पॉइंट आणि एक रंग.
याला धैर्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ऑगस्टमध्ये सान्तियागोहून परीक्षकांचं पत्र आलं.
मांडणी, दहापैकी नऊ.
सुवाच्यता, नऊ.
पारदर्शकता, साडेनऊ.
फेर्मिननी सवयीने आधी मागची बाजू बघितली.
कोरी होती.
मग उलटून, अंगठ्याखाली धरून,
शेवटचा शेरा मोठ्याने वाचला :
मुखपृष्ठावरचा निळा
जरा जास्त खोल वाटतो.