पहिले तीन पडदे

चाळीस डॉलर.
मार्लिस पस्तीसवर यायला तयार होती,
मीच ओशाळून चाळीस दिले.
गराजमध्ये, बर्फाचं फावडं आणि
मासे धुरावायची जुनी पेटी यांच्यामध्ये
भिंतीला नाक लावून उभी होती गिटार,
शिक्षा झालेल्या मुलीसारखी.
"बाबांची," मार्लिस म्हणाली. "गोदीवर होते, लोहखनिजाच्या."
एवढंच. आडनाव खोक्यावर होतं, हाल्वोर्सन,
पहिलं अक्षर ऐसपैस,
शेवटची चार दाटीवाटीने.

कॅटलॉग बघून टपालाने मागवलेली.
साधं बर्चचं लाकूड, त्यावर रंगाने ओढलेल्या लाटा,
महागड्या मेपलची नक्कल.
जवळ गेलं की ब्रशचे केस दिसतात.
उसना कोट घालून कुणी लग्नाला जावं
आणि सगळ्या मांडवाला ते ठाऊक असावं, तसं.
मला आवडलं ते.

घरी आणून तारा चढवल्या.
बाराव्या पडद्यावर, तारेखालून
माझी पेन्सिल आरपार गेली.
मान पुढे वाकलेली, घोडी मागून सुटलेली, पोट सुजलेलं.
पाचव्या पडद्यावर सूर दाबायचा म्हणजे
थिजलेल्या गाडीचं दार उघडायचं.

रे नीएमीने दुकानात आत दिवा घातला, आरसा घातला,
दातांच्या डॉक्टरसारखा हुंकारला.
"मान काढून बसवायचे सव्वाचारशे.
बसवल्यावर हिची किंमत दीडशे."
चार आण्याची कोंबडी.
मसाला घरीच वाटायचा ठरवलं.

जानेवारीत डुलूथची हवा अशी कोरडी
की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात.
साबणाच्या डबीला भोकं पाडून
ओला स्पंज खोक्यात ठेवला.
दर मंगळवारी त्याला पाणी.
मग कॉफीच्या यंत्राची वाफ, रबरी नळी,
पंधराव्या पडद्याखाली सुईएवढं भोक.
सरस सुटला तेव्हा स्वयंपाकघरभर
ओल्या कुत्र्याचा वास.
कुठल्या तरी कारखान्यात, कुठल्या तरी सोमवारी
कुणी तरी घाईघाईने फासलेला सरस.

मान हातात आली आणि मी घाबरलो.
खूप वेळ तशीच धरून बसलो.
घासताना एका बाजूने जास्त घासली गेली,
तिथे आइस्क्रीमच्या काडीची पाचर आहे.
रेला सांगू नका.

पट्टी पुसताना दिसलं ते.
पहिल्या तीन पडद्यांमध्ये लाकडाला खळगे,
बोटांच्या पेरांएवढे,
पितळ झिजून सपाट झालेलं.
चौथ्यापासून पुढे सगळं कोरं.
काळं, चकचकीत.
तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं.

मार्चमध्ये मार्लिसला बोलावलं. केक घेऊन आली,
बूट दाराशी काढले, कोट अंगावरच ठेवला.
तिने वाजवली नाही.
तर्जनी दुसऱ्या खळग्यात ठेवून पाहिली,
मोठा होता तो तिच्या बोटाला.
"एकच गाणं होतं त्यांचं," ती म्हणाली.
"तिसऱ्या ओळीनंतर हात थांबायचा
आणि पुढचं ते गुणगुणायचे.
मला वाटायचं, विसरतात.
आई तर हसायचीसुद्धा."

तिने ती ओळ गुणगुणली. वर चढणारी.
मी शोधत गेलो. पाचवा नाही, सहावा नाही,
सातव्यावर सापडली, लोण्यासारखी मऊ,
जिथे पूर्वी पेन्सिल जात होती तिथून हातभर खाली.
पुन्हा वाजवू का, विचारलं.

तिने केकचा चुरा तळहातावर गोळा केला,
कुठे टाकावा ते न कळून
तसाच मुठीत धरला.
"नको," म्हणाली. "पहिल्या तीन ओळी वाजव.
चौथी मी म्हणते."

ती गेल्यावर खोकं लावण्याआधी
डबी उघडून पाहिली.
मंगळवार नव्हता,
तरी थोडं पाणी घातलं.